चाळीस भोकांचं शीड

काडिझ, २६ ऑक्टोबर १८०५

लिओकादिया,

आम्ही जिंकलो. हे आधी लिहून टाकते, नाहीतर तू पत्र अर्ध्यातच चुलीत घालशील आणि मुख्य तेच राहून जाईल. तुझ्या त्या पिवळ्या केसांच्या नवऱ्याला सांग, त्याच्या राजाची सोळा जहाजं आमच्या खाडीत बांधलेली आहेत, मी स्वतः तटावर उभी राहून मोजली. मला चाळीसपर्यंत मोजता येतं, सोळा म्हणजे काहीच नाही. म्हणतात, इंग्रज दोन रांगा करून ऐटीत चालून आले आणि मधेच वारा पडला. पुढची जहाजं आमच्या तोफांसमोर अडकून बसली आणि मागची मागेच झुलत राहिली. कार्मेनच्या मातेनं वारा धरून ठेवला असं पाद्रीबुवा म्हणाले. धरला असेल. मग दुसऱ्या दिवशी ते भयंकर वादळ सोडलंन, ते कशासाठी, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आता खरी बातमी. फेर्मिन परत आला. तुझा मुलगा जिवंत आहे आणि या क्षणी माझ्या समोर बसून लसूण आणि शिळ्या पावाचं कढण भुरकतो आहे. मी दारातच त्याला धरून इतकी नाचले की शेजारची एन्ग्रासिया ओरडली, "ब्रिहिदा काकू, कंबर मोडेल, मग शिडं कोण शिवणार?" तिला काय जातं बोलायला. तिचा नवरा तोरिबिओही आला ना, सुखरूप. दोघं एकाच जहाजावर, 'सांता कासिल्दा'वर. तोरिबिओ सुकाणूवर, आपला पोरगा शिडांवर.

अकरा वर्षांनी मी तुला लिहिते आहे हे मला ठाऊक आहे. त्यावर आत्ता बोलायचं नाही. आनंदाचं पत्र आहे.

हे मेल्चोरच्या हाती देते आहे, तुमच्या त्या इंग्रजांच्या ताब्यातल्या खडकावरून चोरून तंबाखू आणतो तो. मला वाचता येत नाही म्हणतो. पण परवा दुकानाची पाटी बघताना त्याचे ओठ हलत होते. म्हणून मी पत्राच्या शेवटच्या घडीत माशाचा एक खवला ठेवला आहे. तो जागेवर नसला तर समज, मेल्याने पत्र उघडलं. मला तसं कळव.

फेर्मिनच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. मी त्याला चार वेळा उलटासुलटा करून पाहिला. नखही तुटलेलं नाही. आधी मला इतका आनंद झाला की मी मातेला दोन मेणबत्त्या बोलले. मग काल आम्ही बायका धुण्याच्या हौदावर गेलो. सगळ्या जणी नवऱ्यांचे, मुलांचे सदरे धूत होत्या. तोफेच्या दारूचा धूर कापडात किती मुरतो ते तुला माहीत आहे, तुझा पहिला नवरा, देव त्याला शांती देवो, एकदा तोफांच्या सलामीवरून आला होता तर तीन पाणी काळी निघाली होती. त्या बायकांचं पाणी शाईसारखं निघालं. माझं स्वच्छ निघालं. एन्ग्रासियाचंही स्वच्छ. तिनं माझ्या घमेल्यात पाहिलं, मी तिच्या. मग ती म्हणाली, "ऊन छान आहे आज." मी म्हटलं, "हो, छान आहे."

हे उगाच लिहिलं. खोडलं असतं, पण कागद एकच आहे आणि खोडलेलं पत्र पाहिलं की माणसाला शंका येते.

आई


काडिझ, ५ नोव्हेंबर १८०५

लिओकादिया,

तुझ्या दोन ओळी मिळाल्या. "खवला होता. तो काय खातो, कसा दिसतो?" बस, एवढंच? बरं. तळलेली मासळी खातो, चणे पुढ्यात ठेवले तर उठून जातो, लहानपणीसारखाच. उंच झाला आहे, दारातून वाकून यावं लागतं. कान तुझे आहेत. पण मेल्चोरवरचा माझा संशय गेलेला नाही. खवला परत ठेवता येतो. या वेळी मी दोन ठेवले आहेत, एक सुलटा, एक उलटा.

इकडे रोज काही ना काही उत्सव चालू आहे. 'सांता कासिल्दा'चे कप्तान डॉन इल्देफोन्सो यांना तर लोक रस्त्यात चालू देत नाहीत. बायका बाल्कनीतून कार्नेशनची फुलं टाकतात. लढाईच्या ऐन मध्यात तीन इंग्रजी जहाजांना एकट्यानं अडवून धरलं म्हणे. आणि आपला फेर्मिन! त्याला शिडांवरच्या खलाशांचा मुकादम करणार आहेत. विसाव्या वर्षी! मी सगळ्या गल्लीला अंजीर वाटले. तोच तेवढा घेईना.

मी म्हटलं, "अरे, तू सांगत का नाहीस काही? समोरच्या घरातला तोफेवरचा लंगडा गोलंदाज एकच गोष्ट रोज नव्यानं सांगतो, आणि तू तोंडात बोळा घालून बसतोस."

"काय सांगू आजी? आवाज मोठा होता."

"आणि?"

"आणि काही नाही. आवाज मोठा होता."

आता दुसरं. तोरिबिओला पकडून नेलं. दारूच्या गुत्त्यात तो म्हणाला की 'सांता कासिल्दा'नं एकही गोळा झाडला नाही. म्हणाला, कप्तानानं सुकाणूचा दोर तुटल्याचं सोंग केलं, आपण वाळूच्या दांड्यामागे दिवसभर उभे होतो, मीच सुकाणूवर होतो, दोर माझ्या हातात होता आणि तो धडधाकट होता. दुसऱ्या दिवशी शिपाई आले. युद्ध चालू असताना शत्रूच्या फायद्याचं बोलला, असा आरोप. पुढच्या बुधवारी त्याला जहाजाच्या काठीला टांगणार.

एन्ग्रासियाची दोन पोरं माझ्याकडेच जेवतात. ती माझ्याकडे मान वर करून बघत नाही. मीही बघत नाही. आम्हा दोघींना हौदावरचं पाणी दिसत असतं.

आणि मग आज ते शीड आलं. लढाईत जगलेलं जहाज आपलं एक फाटलं शीड कार्मेनच्या देवळात वाहतं, ही रीत तुला आठवत असेल. लहानपणी तू त्या जुन्या शिडांकडे बोट दाखवून विचारायचीस, देवाची चादर एवढी फाटकी का. डॉन इल्देफोन्सोंनी आपलं वरचं शीड वाहायचं ठरवलं आहे. येत्या रविवारी. आमच्या शिवणघरात आलं ते आणि मुकादम सिप्रियानो म्हणाला, "काकू, हे तुमच्याचकडे. कडेला दोरीची कडी लावा, टांगण्यापुरती. भोकं शिवायची नाहीत. नुसती कड गुंफा, उसवू नये म्हणून."

"भोकं शिवायची नाहीत?"

"नाहीत. ती लोकांना दिसायला हवीत."

"सिप्रियानो, मी आयुष्यभर शिडं शिवते. भोक शिवू नको असं मला कुणी पहिल्यांदाच सांगतंय."

"मग आता ऐका पहिल्यांदा," तो म्हणाला आणि गेला. पण जाताना त्यानं दार लावून घेतलं. शिवणघराचं दार कधी लावतात का गं? उजेड कुठून यायचा?

मी भोकं मोजली. चाळीस. बरोब्बर. मला मोजता येतात तेवढीच. मला हसूच आलं.

मग हात लावल्यावर हसू गेलं. गोळा वाऱ्यानं फुगलेल्या शिडातून जातो तेव्हा कापड फाटत जातं, धागे पलीकडे ओढले जातात, कड जळकी होते आणि फाट थेट शिवणीपर्यंत पळते. मी अशी शेकडो शिवली आहेत. ही भोकं लहान होती, नीट होती, घट्ट होती. आणि लिओकादिया, ती रांगेत होती. एक इकडे, तर तेवढ्याच अंतरावर एक तिकडे, आरशात पाहिल्यासारखी.

मी दुसऱ्या बायका जेवायला जाईपर्यंत थांबले. मग शीड जमिनीवर पसरून एकदा दुमडलं. भोकावर भोक आलं. परत दुमडलं. परत आलं. तिसऱ्यांदा दुमडलं, तेव्हा आठ पदरांची घडी झाली आणि तिच्यात फक्त पाच भोकं राहिली. पाच! एकेका भोकातून माझं दाभण आठही पदरांतून खालच्या फरशीला टेकलं.

इंग्रज काय घडी घालून ठेवलेल्या शिडावर तोफ डागतात?

आधी मला, खोटं कशाला बोलू, भारी मजा वाटली. एवढे मोठे कप्तान, आणि एका शिडवालीला फसवायला निघाले! आयुष्यात एकदा जरी त्यांनी चादरीची घडी घातली असती ना. मी एकटीच हसत बसले. मग पुन्हा एकेक भोक निरखायला लागले. जे दिसलं ते आत्ता लिहीत नाही. आधी खात्री करू दे.

आई


काडिझ, ८ नोव्हेंबर १८०५

लिओकादिया,

मेल्चोर उद्या पहाटे निघतो, म्हणून घाईघाईत लिहिते.

प्रत्येक भोकाच्या वरच्या टोकाला एक धागा लोंबतो आहे. कापलेला नाही, ओढलेला. चाळीस भोकांना चाळीस धागे. पात्याला खाच असलेला सुरा कापडात घातला की तो एक धागा धरून बाहेर ओढतो. माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे तुझ्या बापाच्या सुऱ्याला तशी खाच होती. कशानं पडली ते तुला माहीत आहेच, शिंपला उघडताना तूच पाडलीस आणि मांजरावर ढकललंस. तो सुरा मी फेर्मिनला जहाजावर जाताना दिला.

काल दुपारी मी तो त्याच्या कमरेचा काढून टेबलावर ठेवला. शेजारी एका भोकाच्या कडेचा, धागा लोंबणारा तुकडा ठेवला.  

"आजी, तू ना, अशी बाई आहेस," तो म्हणाला, "की देवदूत आला तरी आधी त्याचे पंख ओढून बघशील."

"बघीनच. पण तू बोल."

मग बोलला. लढाई संपल्यावर, वादळ येण्याआधी, कप्तानानं वरचं शीड उतरवायला लावलं. घडी घातलेलं डेकवर पडलं होतं. त्यानं फेर्मिनला बोलावलं आणि म्हणाला, पोरा, तुझा सुरा धारदार आहे म्हणतात. पाच भोसके मार. मग भोकं जळकी दिसावीत म्हणून एका गोलंदाजानं नळीतून थोडा धूर सोडला. फेर्मिन म्हणाला, "मी विचारलं, कशाला? तर म्हणाला, मुकादम व्हायचंय की दोर ओढत मरायचंय?"

"आणि तू मारलेस."

"मारले."

"पाच?"

"पाच. घडी उलगडल्यावर चाळीस झाले ते पाहून तो इतका खूश झाला आजी, त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली."

"मग आता तोरिबिओ?"

त्यानं तोंड दोन्ही हातांत धरलं. "मी सांगितलं तर त्याच्या शेजारी मलाही टांगतील. कप्तान म्हणेल, खलाशानं आपल्याच मनानं केलं. माझाच सुरा आहे ना."

म्हणजे हे असं आहे. मी बोलले तर माझा नातू जातो. गप्प बसले तर एन्ग्रासियाचा नवरा बुधवारी जातो, आणि त्याची पोरं माझ्या ताटातलं खातात.

एन्ग्रासिया काल संध्याकाळी आली. उभ्यानंच म्हणाली, "काकू, तुमच्याकडे ते शीड आहे ना?"

"आहे."

"माझा नवरा थापा मारतो, बायका करतो, माझी कानातली विकून प्यायला. पण सुकाणूबद्दल तो खोटं बोलत नाही."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय? मी म्हातारी, कडी लावते, कड गुंफते. मला कोण विचारतं?"

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जणू मी तिच्या पुढ्यातली मासळी उचलली. म्हणाली, "लिओकादिया गेली तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होतात. मला कोण विचारतं." आणि निघून गेली. माझ्या घरात येऊन मला तुझं नाव ऐकवून गेली.

मी गप्प बसणार आहे. लिहून ठेवते, म्हणजे पक्कं होईल. शीड उद्या देऊन टाकणार, रविवारी देवळात मागच्या बाकावर बसणार, आणि गप्प.

तीन खवले ठेवले आहेत.

आई


काडिझ, १२ नोव्हेंबर १८०५

लिओकादिया,

गप्प बसले नाही. मी कधी बसले आहे का?

रविवारी देऊळ असं भरलं होतं की पवित्र पाण्याच्या भांड्यातसुद्धा कुणीतरी कोपर घातलं होतं. शीड वेदीजवळ उंच टांगलेलं. मागच्या खिडकीतून ऊन आत येत होतं आणि चाळीस भोकांतून चाळीस किरणं लोकांच्या अंगावर पडलेली. बायका रडत होत्या. एकीनं तर किरण आपल्या मुलाच्या कपाळावर पडावा म्हणून त्याला वर उचललं. पाद्रीबुवा म्हणाले, या प्रत्येक भोकातून शत्रूचा गोळा गेला आणि मातेनं माणसं राखली. मी मागच्या बाकावर होते, खरंच होते. पण एन्ग्रासिया माझ्या पुढच्या बाकावर बसली होती आणि एक किरण तिच्या मानेवर पडला होता. पाच भोसक्यांपैकी कुठलातरी एक. मला तो बघवेना.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "पाद्रीबुवा, कडी नीट लागली नाही. शीड पडेल. खाली घ्या."

हे खोटं होतं. माझी कडी पडत नाही. पण त्यांनी घाबरून खाली घेतलं.

मी पुढे गेले आणि एक टोक धरलं. म्हटलं, "उचलून ठेवायचं म्हणजे आधी घडी घालावी लागते. दुसरं टोक कोण धरतं?"

डॉन इल्देफोन्सो पहिल्या रांगेत, मखमली उशीवर. ते म्हणाले, "म्हातारे, राहू दे, माझी माणसं करतील."

"तुमच्या माणसांना घडी छान घालता येते, कप्तान, मी पाहिली आहे," मी म्हणाले. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. बाकी कुणाला काही कळलं नव्हतं, पण त्यांना कळलं. आणि देवळात एक माणूस जागचा हलेना. एवढं मोठं शीड, मी एक टोक धरून उभी, आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघत. मला वाटलं, संपलं.

मग कुणीतरी बाकांमधून वाकून वाकून आलं. वाकून येण्याची त्याला सवय आहे, आमच्या दारामुळे. फेर्मिननं दुसरं टोक धरलं. माझ्याकडे पाहिलं नाही. नुसतं म्हणाला, "ओढ आजी."

आम्ही एकदा दुमडलं. मग एन्ग्रासिया उठली आणि मधला भाग धरला. मग शिवणघरातल्या बायका आल्या, सगळ्या, आणि त्यांना सांगावं लागलं नाही. दुसऱ्या घडीलाच त्यांच्यातली एक जण मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाली. तिसऱ्या घडीनंतर मी माझं बोट आठही पदरांतून आरपार घातलं आणि पलीकडे हलवून दाखवलं.

देवळात कुणी हसत नाहीत, पण एक लहान मूल हसलं.

फेर्मिननं सुरा काढून शिडावर ठेवला. म्हणाला, "पाच भोसके. मी मारले. लढाई संपल्यावर, कप्तानाच्या हुकमावरून. आमच्या जहाजानं एकही गोळा झाडला नाही. तोरिबिओ खरं बोलला." अगदी साध्या आवाजात, मासळीचा भाव सांगावा तसा. जहाजावरचे आणखी तिघं उठून उभे राहिले आणि म्हणाले, हो.

आनंद झाला मला. तू म्हणशील म्हातारी वेडी आहे, पण काडिझमधल्या सगळ्या घंटा वाजल्या त्या दिवशी झाला नव्हता एवढा झाला.

आता ऐक. काल लेखनिकानं चौघांचे जबाब लिहून घेतले आणि तोरिबिओला सोडलं. तो घरी आला आणि पहिलं काय केलं, तर एन्ग्रासियाशी भांडला, सूप अळणी आहे म्हणून. पण डॉन इल्देफोन्सोंचे भाऊबंद मोठे आहेत. दोन दिवसांत दोनदा अनोळखी माणसं गल्लीत फेर्मिनचं घर विचारून गेली. एक जण म्हणाला, मी त्याचा जुना मित्र. फेर्मिनला जुना मित्र असा एकच, आणि तो मी.

म्हणून तो तुझ्याकडे येतो आहे. हे पत्र तोच आणतो आहे. मेल्चोरच्या होडीतून, तंबाखूच्या रिकाम्या पोत्यांखाली. दार उघड, तो वाकून आत येईल. तुझ्या त्या पिवळ्या केसांच्या माणसाला सांग, पोराला चणे घालू नकोस. त्याचं नाव काय गं? जॉर्ज ना? जॉर्जला सांग.

आणि आता ते दुसरं. मी दुनियेच्या घड्या उलगडत बसले, पण माझी एक घडी मीही घालून ठेवली होती. तू गेल्यावर फेर्मिनसाठी पाठवलेली नऊ पत्रं. मी त्याला सांगितलं, तुझ्या आईनं एकही अक्षर पाठवलं नाही. पहिलं आलं तेव्हा मला वाचता येत नव्हतं. पाद्रीबुवांकडून वाचून घेतलं असतं तर ते त्याला सांगतील, ही भीती. म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी मठातल्या एका सिस्टरकडे जाऊन अक्षरं शिकले. तुला वाटत असेल तुझ्या आईला एवढं लिहायला कुणी शिकवलं. तूच शिकवलंस. प्रत्येक पत्राच्या शेवटी तू लिहायचीस, "फेर्मिनला वाचून दाखव." मी वाचायचे, एकटी, दार लावून, आणि पिठाच्या रांजणात ठेवून द्यायचे.

नऊही पत्रं त्याच्या बोचक्यात आहेत. काल मी त्याला दिली आणि सांगितलं.  त्यानं सुरा तेवढा माझ्याकडे परत ठेवला आणि मला उचलून एकदा गोल फिरवलं, मी फिरवायचे तसं. माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

तुला काही म्हणायचं असलं तर मेल्चोरबरोबर पाठव. वाचू दे त्याला, वाचता येत असलं तर.

या पत्राच्या घडीत खवला ठेवलेला नाही.

आई